प्रश्न विचारण्याचा अधिकार : गार्सिया द ओर्ताचा ‘कोलोकियुश’

१

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासाचे स्मरण सामान्यतः दोन वाटांनी होते. एक वाट रणांगणाची आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव १७९५ च्या मार्च महिन्यात मराठे आणि हैदराबादचा निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात कायमचे जाऊन बसले आहे. दुसरी वाट ग्रंथाची आहे. त्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका पूर्ण केली. या दोन्ही स्मृती मराठी मनाच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की तिसऱ्या एका स्मृतीला तेथे जागाच उरत नाही. ही तिसरी स्मृती एका पुस्तकाची आहे. ते नगरला लिहिले गेले नाही, नगरला छापले गेले नाही आणि मराठीतही नाही. तरीही त्यातील ज्ञानाची घडण काही अंशी नगरच्या निजामशाही दरबारात झाली. (खर्ड्याचा निजाम हैदराबादचा आसफजाही, नगरची निजामशाही त्याच्या फार आधीची. नावाच्या साम्यापलीकडे दोहोंचा संबंध नाही.)

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ‘कोलोकियुश दुश सिंप्लिश इ द्रोगश’, म्हणजे हिंदुस्थानातील वनस्पती व औषधिद्रव्ये यांविषयीचे संवाद, हा तो ग्रंथ. गोव्यात जुआंव द एंडेम या मुद्रकाने १० एप्रिल १५६३ रोजी तो छापून पूर्ण केला. भारतात मुद्रणयंत्र आले ते १५५६ साली, याच गोव्यात. म्हणजे यंत्र येऊन अवघी सात वर्षे झाली असताना हा ग्रंथ निघाला. तेथे सुरुवातीला छापल्या गेलेल्या पुस्तकांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्मोपदेशाची होती. धर्मोपदेशाशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध नाही असा हा मोठा विद्याग्रंथ त्यांत वेगळा उठून दिसतो. त्याच्या फार थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. मुद्रण अत्यंत सदोष आहे आणि ग्रंथाला लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले आहे. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश याची एक ओड या ग्रंथाच्या आरंभी आहे आणि त्याची मुद्रित झालेली ती पहिली कविता मानली जाते. ग्रंथकर्त्याच्या आडनावाशी जुळणाऱ्या, बाग असा अर्थ असलेल्या पोर्तुगीज शब्दावर कवीने तीत श्लेष साधला आहे.

मराठी वाचकाला या ग्रंथाची गाठ पडते ती प्रामुख्याने मुद्रणाच्या इतिहासात. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणकलेवरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात गोव्याच्या छापखान्याचा जो सविस्तर वृत्तांत दिला, त्यामुळे हे नाव येथील अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. दुसरीकडे वनस्पतिशास्त्र आणि वैद्यकाचे इतिहासकार त्याला आपला पूर्वसूरी मानतात. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी युक्त आहेत. परंतु दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी, की ग्रंथातील माहिती हा त्याचा गाभा आहे आणि संवाद हे केवळ तिचे वेष्टन. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. ‘कोलोकियुश’ला एक साहित्यकृती म्हणून, एक विशिष्ट वाङ्मयप्रकार हेतुतः स्वीकारणारी संहिता म्हणून वाचले, तर त्याच्या रूपबंधातूनच एक प्रश्न पुढे येतो. ज्ञानाच्या व्यवहारात प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि ज्याला तो नसतो त्याचा आवाज संहितेत कोणत्या रूपाने उरतो?

२

ओर्ताची बौद्धिक जडणघडण सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत झाली. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय वैद्यक हे मानवतावादी पांडित्याचे एक महत्त्वाचे क्षेत्र बनले होते. मानवतावाद हा शब्द मराठीत बहुधा नैतिक अर्थाने, माणुसकीचे तत्त्वज्ञान या अर्थाने वापरला जातो. प्रबोधनकाळातील मानवतावादी विद्वान मात्र प्रथमतः भाषापंडित होता. मूळ ग्रीक व लॅटिन संहितांकडे परतणे, मधल्या शतकांत साचलेले अपपाठ दूर करणे आणि शब्दाचा मूळ अर्थ निश्चित करणे ही त्याची कार्ये होती. १४९२ साली निकोलो लेओनिचेनोने प्लिनीच्या चुका दाखविणारे लेखन प्रसिद्ध केले. व्हेनिसच्या आल्दुसच्या छापखान्यातून १४९९ साली डायोस्कोरिडिसचा ग्रीक पाठ आणि १५२५ साली गेलेनचे समग्र ग्रीक वाङ्मय बाहेर पडले. मात्तिओली, आमातुस लुसितानुस, लागुना यांनी डायोस्कोरिडिसवर भाष्ये रचली. वैद्यकातील या मानवतावादाचा एक ठळक विशेष म्हणजे अरबी ग्रंथकारांविषयीचा अनादर. ग्रीकांचे शुद्ध ज्ञान अरबांच्या हातून भ्रष्ट झाले, त्यामुळे त्यांना वगळून थेट उगमाशी जावे, ही त्या पिढीची श्रद्धा होती.

या पार्श्वभूमीवर ‘कोलोकियुश’ची रचना पाहावी. सुमारे साठ संवादांत हा ग्रंथ विभागलेला आहे. द्रव्यांचा क्रम स्थूलमानाने वर्णानुसारी आहे. संभाषणात प्रमुख पात्रे दोन आहेत. एक स्वतः ओर्ता. दुसरा डॉक्टर रुआनो, त्याचा जुना सहाध्यायी, जो नुकताच जहाजातून गोव्याला उतरला आहे. रुआनो हे कल्पित पात्र आहे. त्याने डायोस्कोरिडिस, प्लिनी, गेलेन यांचे सारे पाठ मुखोद्गत केले आहेत. परंतु ज्या झाडांविषयी हे पाठ बोलतात त्यांपैकी एकही त्याने पाहिलेले नाही. अनेक अभ्यासकांना रुआनो हे ओर्ताचेच पूर्वरूप वाटते आणि ते सयुक्तिक आहे. १५३४ साली मार्तिं आफोंसु द सोझा याच्याबरोबर गोव्याला उतरलेला ओर्ता असाच ग्रंथांचे ओझे घेऊन आला होता. तीस वर्षांच्या अंतराने तो आपल्याच तरुण पांडित्याशी वाद घालत आहे.

या वादाची पद्धत लक्षणीय आहे. द्रव्याचा विचार सुरू झाला की ओर्ता बहुधा प्रथम त्याच्या नावांकडे वळतो. अरबी नाव, गुजराती नाव, दख्खनी नाव, मलबारी नाव, कानारिन नाव, मलयी नाव असा तो शोध चालतो. (कानारिन म्हणजे कोंकण-गोव्याकडील लोक, आणि त्यांची भाषा. आजच्या मराठी व कोंकणी या भाषांच्या सीमा त्या शब्दात शोधणे व्यर्थ आहे.) नंतर ग्रीक व अरबी ग्रंथांतील नावे आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा मेळ घातला जातो, आणि अखेरीस वस्तूचे वर्णन व उपयोग येतात. शब्दापासून वस्तूकडे जाण्याची ही रीत निखालस मानवतावादी आहे. फरक पडतो तो उगमाच्या स्थानात. मानवतावादी पंडित ज्या जागी जुने हस्तलिखित ठेवतो, त्या जागी ओर्ता बाजारातील व्यापारी, बागेतील झाड आणि देशी भाषा बोलणारा माणूस यांना ठेवतो. पद्धत तीच, पण मूळ पाठ बदललेला. आणि हा बदल होताच जुन्या श्रद्धांची उलथापालथ होते. ग्रीकांनी जे पाहिलेच नव्हते त्याविषयी अरबांची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते, कारण ते या भूमीच्या अधिक जवळ होते. रुआनो अरबांना तुच्छ लेखतो तेव्हा ओर्ता त्यांची बाजू घेतो. स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नसते, अशी कबुलीही तो एके ठिकाणी देतो.

ही कबुली विचारात घेण्यासारखी आहे. विचाराचे स्वातंत्र्य येथे स्थळाशी जोडले गेले आहे. युरोपातील विद्यापीठात जे उच्चारता येत नाही ते गोव्यातील घराच्या ओसरीवर उच्चारता येते. ज्ञानाचे केंद्र व ज्ञानाची सीमा यांचे नेहमीचे नाते उलटे होते. वसाहतीत ज्ञान केंद्राकडून सीमेकडे वाहते ही आपली परिचित कल्पना येथे पुरेशी पडत नाही.

३

मिखाइल बाख्तिनने दस्तयेव्हस्कीवरील आपल्या विवेचनात सॉक्रेटिक संवादाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. सत्य हे एका माणसाच्या डोक्यात तयार नसते, ते माणसांच्या परस्परांतील व्यवहारात जन्माला येते, ही त्या संवादामागील मूळ धारणा. पुढे हा प्रकार प्रस्थापित मतप्रणालींच्या सेवेत रुजू झाला तेव्हा त्याचे रूपांतर प्रश्नोत्तरीत झाले. आधीच सिद्ध असलेले उत्तर नवशिक्यांना पाठ करून घेण्याचे ते साधन बनले. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांची बाह्य मांडणी असली म्हणून कृती संवादात्म होत नाही. उत्तर प्रश्नाच्या आधीच ठरलेले आहे की काय, ही कसोटी आहे.

गोव्याच्या मुद्रणेतिहासात हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी आढळतात. १६२२ साली रायतूर येथे फादर स्टीफन्सची ‘दौत्रिना क्रिस्तां’ छापली गेली. मुलांना ख्रिस्ती धर्मतत्त्वे शिकवण्यासाठी ती संवादरूपाने रचली असल्याचे तिच्या मुखपृष्ठावरच सांगितले आहे. तेथे विचारणारा आणि सांगणारा यांची स्थाने अचल आहेत. ‘कोलोकियुश’मधील रुआनो हा या अर्थाने शिष्य नाही. तो ग्रंथप्रामाण्याचा प्रतिनिधी आहे, त्याच्या हातात गेलेन आहे आणि तो ओर्ताला अडवतो. ओर्ता त्याला पटवतो खरा, आणि अखेर सरशी बहुधा ओर्ताचीच होते. तरी पटवण्यासाठी त्याला पुरावा द्यावा लागतो, प्रसंगी आपले अज्ञान कबूल करावे लागते. पूर्ण समतेचा संवाद हा नव्हे. पण प्रश्नोत्तरीही नव्हे.

मराठी वाचकाला येथे आपल्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘विवेकसिंधु’ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. ‘ज्ञानेश्वरी’त कृष्णार्जुनांच्या संवादाला संजय-धृतराष्ट्र संवादाची चौकट, आणि त्या चौकटीबाहेर ज्ञानदेव, निवृत्तिनाथ व श्रोतृवृंद अशी आणखी एक चौकट आहे. त्या थरांमुळे अर्जुनाचा प्रश्न हा श्रोत्याचाही प्रश्न बनतो. ‘लीळाचरित्रा’त तर चक्रधरांना प्रश्न विचारणारी माणसे आपापल्या स्वभावासह, हट्टासह, भोळेपणासह उभी राहतात, आणि त्यांत स्त्रिया आहेत. महदाइसा विचारते तेव्हा उत्तराला तिच्या प्रश्नाचे वळण घ्यावे लागते. ही तुलना प्रभाव दाखविण्यासाठी नाही. तसा प्रभाव संभवत नाही. तिचा उपयोग एवढाच, की संवाद या रूपबंधात ‘विचारणारा कोण’ हा प्रश्न मराठी समीक्षेला नवखा नाही, आणि तो ‘कोलोकियुश’ला विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

रूपबंध हे वेष्टन नाही याचा सर्वांत सबळ पुरावा ग्रंथाच्या पुढील प्रवासात मिळतो. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलुस क्लूसियस इबेरियाच्या प्रवासात असताना त्याच्या हाती ‘कोलोकियुश’ची प्रत आली. त्याने तिचा लॅटिन संक्षेप केला आणि १५६७ साली अँटवर्पच्या प्लांतँने तो छापला. युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः या संक्षेपातून. क्लूसियसने संवाद मोडून सलग प्रकरणे केली, रुआनोला रजा दिली आणि विषयांतरे मोठ्या प्रमाणावर गाळली. त्याच्या प्रयोजनाच्या दृष्टीने हे योग्यच होते. त्याला द्रव्यांची निश्चिती हवी होती. परंतु ओर्ताची विषयांतरे म्हणजे काय, हे पाहिले की हानीची कल्पना येते. दहाव्या संवादाचा विषय आहे बोर. फळाची नावे सांगता सांगता, कानारिन लोक ‘बोर’ म्हणतात हे नोंदवता नोंदवता, बोलणे दख्खनच्या राजांकडे वळते. निजामशहा कोण, आदिलशहा कोण, ही नावे कशी पडली, याची चर्चा होते. आंब्याच्या संवादात मुंबईच्या बेटावरून आंबे घेऊन होडी आल्याची वर्दी येते. हे बेट ओर्ताला राजाकडून भाडेपट्ट्याने मिळालेले होते. अन्यत्र घारापुरीच्या लेण्यांचे वर्णन येते. फळ, राजा, बेट, देऊळ हे सारे एकाच बोलण्यात येते, कारण बोलणारा माणूस एका ठिकाणी राहतो आणि त्या ठिकाणाचे सारे एकमेकांत गुंतलेले असते. लॅटिन संक्षेपात द्रव्य उरले; स्थळ विरून गेले. शास्त्रीय गद्य वस्तूला तिच्या परिसरातून उचलून निराळी करते, तर संवाद तिला परिसरासह बोलायला लावतो. ओर्ताने हा ग्रंथ प्रथम लॅटिनमध्ये योजला होता, आणि अधिक लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून तो पोर्तुगीजमध्ये आणला, असे तो अर्पणपत्रिकेत सांगतो. चार वर्षांत तो पुन्हा लॅटिनमध्ये गेला. लोकभाषेकडून पंडितभाषेकडे झालेल्या या परतीच्या प्रवासात संवादाचा बळी जावा, यात केवळ योगायोग पाहता येत नाही.

४

आता नगरच्या दरबाराकडे वळू. बुऱ्हाण निजामशहा (मृत्यू १५५३) हा ओर्ताचा रुग्ण आणि मित्र होता. ओर्ताच्या सांगण्यानुसार निजामशहाकडून त्याला बारा हजारांहून अधिक पर्दाव मिळाले होते. वर्षातील काही महिने आपल्याकडे राहण्याच्या अटीवर चाळीस हजारांचे उत्पन्न देण्याची तयारीही सुलतानाने दाखविली होती. ओर्ताने ते स्वीकारले नाही. पैशाच्या या आकड्यांपेक्षा मोलाची आहे ती दुसरी एक नोंद. रोगांची व औषधांची लॅटिन नावे ओर्ताने सुलतानाला शिकविली आणि सुलतानाने त्याला त्यांची अरबी नावे शिकविली. दरबारात अरबी-फारसी परंपरेतले हकीम होते, आणि त्यांच्याशी ओर्ताची चर्चा होत असे. ज्या अरबी वैद्यकाला युरोपचे मानवतावादी ग्रंथालयात बसून बाद ठरवीत होते, ते नगरमध्ये जिवंत होते, नाडी पाहत होते, वाद घालत होते. ओर्ताच्या अरबांविषयीच्या बदललेल्या मताचे एक मूळ या सहवासात असले पाहिजे.

या भेटीला आणखी एक परिमाण आहे, आणि त्याचा उच्चार दोघांनी कधी केला असेल असे वाटत नाही. ओर्ताचे आईवडील स्पेनमधून हद्दपार होऊन पोर्तुगालमध्ये आलेले यहुदी होते. १४९७ साली पोर्तुगालमधील यहुद्यांवर सक्तीचे धर्मांतर लादले गेले, तेव्हा हे कुटुंब ‘नवख्रिस्ती’ बनले. बुऱ्हाणचा आजा मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घरातला, बालपणी बहमनी फौजेच्या हाती सापडून मुसलमान झालेला, असे फिरिश्ता सांगतो. खुद्द बुऱ्हाणने शाह ताहिरच्या प्रभावाखाली १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. धर्मांतराच्या खुणा ज्यांच्या घराण्यांवर उमटल्या आहेत असे दोन पुरुष नगरच्या महालात शब्दांची देवाणघेवाण करीत बसले आहेत, हे दृश्य कल्पनेला आवाहन करणारे आहे. मात्र त्यावरून दोघांत काही गूढ जवळीक होती असे अनुमान काढणे हा वाचकाचा उतावळेपणा ठरेल. संहिता एवढेच सांगते, की येथे शिकवणे दुहेरी होते. प्रश्न विचारण्याचा अधिकार दोघांना होता.

आणि नेमक्या या ठिकाणी रूपबंध एक गोष्ट उघड करतो. ओर्ताच्या आयुष्यातील हा सर्वांत समतोल संवाद ग्रंथात संवाद म्हणून येत नाही. तो निवेदनात, सांगोवांगी रूपात येतो. रंगमंचावर बसून बोलतो तो रुआनो, म्हणजे युरोपीय, आणि तोही कल्पित. नगरचा खरा संवादक पडद्याआड राहतो. जो झाला तो संवाद वृत्तान्त बनला आणि जो झालाच नाही तो संवाद ग्रंथाचा देह बनला.

ही विभागणी इतरत्रही दिसते. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य एका संवादात प्रवेश करतो, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि निघून जातो. आंतोनिया ही घरातील दासी वारंवार येते. ती झाडाची फांदी आणते, निरोप सांगते. ज्या वस्तूवर पंडितांचा वाद चालला आहे ती वस्तू तिच्या हातात असते, पण वाद तिच्या वाट्याचा नाही. मालुपा उत्तर देऊ शकतो, प्रश्न विचारू शकत नाही. आंतोनियाला दोन्ही नाही. पात्रांची ही उतरंड ग्रंथात कोठेही सांगितलेली नाही. ती बोलण्याच्या वाटणीतूनच तयार होते.

पारिजातकाचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. सहाव्या संवादात ओर्ता या झाडाची लोककथा सांगतो. सूर्यावर अनुरक्त झालेली, त्याने टाकलेली आणि प्राणत्याग केलेली एक मुलगी. तिच्या रक्षेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्यदर्शन टाळतात. ओव्हिड वाचलेल्या कोणाही मानवतावाद्याला येथे क्लायटी आठवावी. सूर्याने अव्हेरलेली तीही फूल बनते. परंतु क्लायटी सूर्याकडे तोंड वळवीत राहते, तर पारिजातक त्याच्याकडे पाठ फिरवतो. ओर्ताच्या हाती येथे अभिजात पुराणकथेला तोडीस तोड अशी, आणि भावार्थाने तिच्या उलट जाणारी कथा आली होती. तिला तो देशी लोकांची कल्पितकथा म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. कथा सांगणारा कोण होता, की सांगणारी होती, हे संहितेत नाही. कथा पोचली, कथनकार गळाला.

शब्दांचेही असेच होते. सतराव्या संवादात कोष्ठाची चर्चा चालू असताना एका रुग्णाकडून बोलावणे येते आणि बोलणे एका भयंकर वांतिविकाराकडे वळते. ओर्ताने केलेले हे वर्णन पटकीच्या आद्य युरोपीय वर्णनांत गणले जाते. या विकाराला येथील लोक ‘मोर्शी’ म्हणतात, अशी नोंद तो करतो, आणि पोर्तुगिजांनी तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ केल्याचेही सांगतो. हा मराठी-कोंकणीतील ‘मोडशी’ हा शब्द आहे, हे कोशकारांनी मागेच ओळखले. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे रूप झाले. मराठी बोलीतील एक घरगुती शब्द मानवतावादी पांडित्याच्या ग्रंथात जाऊन बसला आणि तेथून युरोपभर फिरला. आपल्या भाषेचा हा सन्मान झाला असे म्हणता येईल, पण सावधपणे. भाषा तेथे शब्दसंग्रह म्हणून पोचली. वक्ता म्हणून नाही.

यावरून ‘कोलोकियुश’ला देशी ज्ञानाच्या अपहरणाचे आद्य कागदपत्र ठरविण्याचा मोह होणे शक्य आहे. तो टाळला पाहिजे. पुढच्या शतकांतील वसाहतवादी ज्ञानव्यवहारात देशी माहितगार अनेकदा अदृश्यच होतो. ओर्ता येथील वैद्यांचे ऋण कबूल करतो. आपले उपचार निष्फळ ठरले की आपण त्यांच्या उपायांकडे वळतो, हे तो सांगतो. ते अनुभवावर व रूढीवर चालतात, असा आक्षेपही तो घेतो, म्हणजे त्यांना शास्त्राचा दर्जा देत नाही. ही द्विधा लपवलेली नाही. मालुपाला दोन वाक्ये तरी मिळाली, हे लक्षात घेतले पाहिजे. आणि दोनच मिळाली, हेही. अपहरण आणि आदानप्रदान या दोन तयार खणांपैकी एकात ग्रंथ टाकून दिला, की वाचन संपते. संवादाची वाटणी ओळीओळीने तपासली तर ते सुरू होते.

५

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मुद्रकाच्या आणि ग्रंथकर्त्याच्या नावाबरोबर आणखी एक नाव आहे. हा ग्रंथ गोव्याचा इन्क्विझिटर आलैशु दियश फाल्कांव याने पाहिला आहे, असे तेथे छापले आहे. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० साली झाली होती. ओर्ता १५६८ साली मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढण्यात आली आणि जाळण्यात आली. कुटुंबीयांच्या जबान्यांत तोही अंतर्यामी मोझेसचाच धर्म मानीत होता असे निघाले होते. ही हकीकत प्रकाशात आली ती १९३४ साली, आउगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यू याच्या संशोधनामुळे. ‘कोलोकियुश’ची विद्वन्मान्य आवृत्ती १८९१ ते १८९५ या काळात सिद्ध करणाऱ्या फिकाल्यूच्या काउंटला ती ठाऊक नव्हती. फिकाल्यूचा ओर्ता हा निर्भय सत्यशोधक आहे. १९३४ नंतरचा ओर्ता हा भीतीच्या सावलीत वावरणारा माणूस आहे. संहितेचे एक अक्षरही बदलले नाही आणि ग्रंथ मात्र बदलला.

हे ज्ञान हाती आल्यावर संपूर्ण ग्रंथ सांकेतिक लिपीसारखा वाचण्याची वृत्ती बळावते. दोन पात्रांची योजना म्हणजे दुभंगलेल्या आत्म्याचे रूपक, गेलेनवरील टीका म्हणजे चर्चवरील प्रच्छन्न टीका, असे अर्थ लावता येतात. अशा वाचनाला आवर घालणारे काहीच संहितेत सापडत नाही, आणि हीच त्याची उणीव आहे. जे खंडित होऊ शकत नाही ते सिद्धही होत नाही. गेलेनवरील टीका ही गेलेनवरील टीका आहे, आणि त्या काळी तेवढीही पुरेशी धाडसाची होती.

परंतु एक गोष्ट संकेत न शोधताही दिसते. रुआनो सर्व काही विचारतो. नावे, किमती, रोग, राजे, देवळे यांविषयी विचारतो. प्राचीनांच्या प्रामाण्याविषयी विचारतो. श्रद्धेच्या प्रामाण्याविषयी तो विचारीत नाही, आणि त्या दिशेने ओर्ताही बोलणे नेत नाही. मुक्त जिज्ञासेचा हा ग्रंथ एका वर्तुळाच्या आत मुक्त आहे, आणि त्या वर्तुळाची रेघ मुखपृष्ठावरच ओढलेली आहे. ज्याने इतरांच्या बोलण्याची वाटणी केली, त्याच्या स्वतःच्या बोलण्याची वाटणी दुसऱ्याने केली होती. आंतोनियाचे मौन ओर्ताने घडविले; ओर्ताचे मौन फाल्कांवच्या दृष्टीखाली घडले. दोन्ही मौने एका जातीची नाहीत, आणि एकाच्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख झाकता कामा नये. दासीचे मौन हा तिच्यावर लादलेल्या स्थितीचा भाग आहे; तिच्या मनात काय होते हे कळण्याचा मार्गच उरलेला नाही. ग्रंथकर्त्याचे मौन काही प्रमाणात त्याने पत्करलेले आहे, आणि त्याचा साक्षीपुरावा, ज्यांनी ते मौन भेदले त्यांच्याच दप्तरांतून का होईना, मिळतो. पण दोन्ही मौने एकाच संहितेत आहेत, आणि एक ऐकू येऊ लागले की दुसरे ऐकण्याची सवय लागते.

संवादरूप मोडून टाकणाऱ्या क्लूसियसच्या संक्षेपात यांपैकी काहीच ऐकू येत नाही. तेथे कोणी बोलतच नसल्यामुळे कोणी गप्पही नाही. मौन ऐकू येण्यासाठी आधी बोलण्याची जागा निर्माण व्हावी लागते, आणि ती जागा ‘कोलोकियुश’च्या सदोष छपाईच्या पानांवर आहे. या ग्रंथाची दुर्मीळ प्रत जपणारी ग्रंथालये ती मुद्रणाचा अवशेष म्हणून जपतात. मराठी समीक्षेने ती निराळ्या कारणासाठी उघडली पाहिजे. संवादाचा विचार आपल्याकडे बहुधा अध्यात्माच्या किंवा नाटकाच्या संदर्भात होतो. ज्ञानव्यवहाराचा रूपबंध म्हणून त्याचा विचार करू लागल्यास नेवाशाची श्रोतृसभा, नगरचा दरबार आणि गोव्याची ओसरी ही तीन स्थळे एकाच चर्चेत येतात. प्रत्येक ठिकाणी विचारावयाचा प्रश्न तोच राहतो : येथे कोण विचारतो, कोण सांगतो, आणि फांदी हातात घेऊन दारात कोण उभे आहे?